सर ‘हो’ म्हणाले, पण एलओआर वेळेत पोचायला हवं

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या ऑगस्टपासून अमेरिकेत एमएस करायचं ठरवलं आहे. आठ युनिव्हर्सिटी निवडल्या आहेत. दोन ठिकाणी मुदत १ डिसेंबर, चार ठिकाणी १५ डिसेंबर आणि दोन ठिकाणी १५ जानेवारी आहे. सगळीकडे तीन-तीन एलओआर, म्हणजे शिफारसपत्रं, मागितली आहेत. एचओडी (विभागप्रमुख) सर म्हणाले, ‘मजकूर लिहून आण, सही करतो.’ प्रोजेक्ट गाइड सर आनंदाने तयार आहेत, पण ते कॉलेजचा ईमेल उघडतच नाहीत, जीमेल वापरतात. तिसऱ्या मॅडमनी आम्हाला दोन विषय शिकवले, पण त्या जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात गेल्या. मागच्या वर्षी एका सीनियरचं एक पत्र गेलं नाही म्हणून अर्ज अपूर्ण राहिला, त्यामुळे मला धास्ती वाटते. सारखी आठवण केली तर सर चिडतील का? कन्सल्टंट म्हणतात, ‘सरांच्या नावाने ईमेल आयडी काढू आणि आम्हीच अपलोड करू.’ तसं करून चालेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीचं सगळं वाया जाईल. तसं अजिबात करू नकोस. दुसऱ्याच्या नावाने ईमेल खातं काढून त्यावरून शिफारसपत्र पाठवणं ही सरळसरळ फसवणूक आहे. अर्जाच्या शेवटी ‘दिलेली सर्व माहिती खरी आहे’ असं लिहून तू स्वतःच्या नावाने सही करणार आहेस. खोटं उघडकीला आलं तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि तो तुझा रद्द होईल, कन्सल्टंटचा नाही. एकाच शिक्षकाचे तीन विद्यार्थ्यांसाठी तीन वेगवेगळे जीमेल पत्ते आले, किंवा तिन्ही पत्रांत तीच वाक्यं तशीच्या तशी दिसली, की अर्ज वाचणाऱ्याला शंका यायला वेळ लागत नाही. शंका आली की युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वेबसाइटवरचा नंबर काढून थेट विचारू शकते. कन्सल्टंटकडून युनिव्हर्सिटींची यादी घे, एसओपीवर, म्हणजे का आणि काय शिकायचं हे सांगणाऱ्या तुझ्या निवेदनावर, मत घे. शिफारसपत्रांच्या कामात मात्र त्याला हात घालू देऊ नकोस.

आता तुझं काम किती मोठं आहे ते बघ. आठ युनिव्हर्सिटी आणि तीन शिक्षक म्हणजे चोवीस लिंक, चोवीस फॉर्म, चोवीस वेळा अपलोड. बारावीनंतर अमेरिकेत जाणारी मुलं कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) वापरतात, तिथे शिक्षकाने पत्र एकदा चढवलं की विद्यार्थ्याने जोडलेल्या सगळ्या कॉलेजांना तेच जातं. एमएसला तशी सोय सहसा नसते. प्रत्येक युनिव्हर्सिटीचं पोर्टल वेगळं आणि प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक पोर्टलवरून वेगळा ईमेल. एकाच युनिव्हर्सिटीत दोन प्रोग्रॅमना अर्ज केलास तर बहुतेक ठिकाणी लिंकही दोन येतात. सर ‘हो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक पत्र आणि एक सही असते. आठ फॉर्म भरायचे आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते तू आजच सांग, आकडा आणि तारखांसकट. ‘सर, आठ ठिकाणी आहे, प्रत्येक ठिकाणी छोटा फॉर्म आणि अपलोड आहे, तुम्हाला जमेल का?’ असं स्पष्ट विचारलं आणि कुणी आढेवेढे घेतले, तर ते आत्ता कळलेलं बरं. डिसेंबरमध्ये कळून उपयोग नाही.

पत्रात काय लिहायचं ते शिक्षकांनी ठरवायचं. पत्र पोर्टलवर पोचेपर्यंतची वाट मात्र तुलाच राखायची आहे. पत्रं उशिरा जातात ती बहुतेक वेळा शिक्षकांच्या आळसामुळे जात नाहीत, मधल्या एखाद्या लहानशा टप्प्यावर अडकून पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ही वाट नीट समजून घे.

पोर्टलवर तू अर्ज उघडतेस, रेकमेंडर्सच्या पानावर शिक्षकांचं नाव, हुद्दा, संस्था, ईमेल आणि फोन भरतेस, आणि पाठवण्याचं बटण दाबतेस. अमेरिकेतल्या अनेक युनिव्हर्सिटींची पोर्टल्स स्लेट नावाच्या प्रणालीवर चालतात. तिथे हे बटण दाबलं की ईमेल लगेच सुटतो. अर्ज सबमिट व्हायची किंवा फी भरायची गरज नसते. काही पोर्टल्स मात्र तू अर्ज सबमिट करून फी भरेपर्यंत शिक्षकांना ईमेलच पाठवत नाहीत. मुलं फसतात ती इथेच. १५ तारखेची मुदत आहे म्हणून १४ तारखेला रात्री सबमिट करतात, आणि शिक्षकांना पहिला ईमेल १५ला सकाळी मिळतो. तुझ्या आठही पोर्टल्सवर आज लॉगिन कर, ती पानं वाच आणि वहीत प्रत्येकासमोर लिही : ईमेल लगेच जातो की सबमिटनंतर. सबमिटनंतर जाणाऱ्या ठिकाणी तुझ्या अर्जाची खरी मुदत छापील तारखेच्या निदान तीन आठवडे आधीची धर.

ईमेल पाठवण्याआधी पोर्टल तुला एक प्रश्न विचारेल : हे पत्र पुढे बघण्याचा हक्क तू सोडतेस का? अमेरिकेच्या १९७४ च्या फर्पा कायद्याने तिथे दाखल झालेल्या विद्यार्थ्याला आपलं शैक्षणिक रेकॉर्ड बघण्याचा हक्क दिला आहे, आणि पत्रापुरता तो सोडता येतो. हक्क सोडलेला असला की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलं असं वाचणारे धरून चालतात. ‘सोडते’ असंच निवड. बऱ्याच पोर्टल्सवर ईमेल गेल्यानंतर हे उत्तर बदलता येत नाही, म्हणून घाईत टिचकी मारू नकोस.

इथेच एचओडी सरांच्या ‘मजकूर लिहून आण’चा प्रश्न येतो. आपल्याकडे ही पद्धत सर्रास चालते आणि सर काही वाईट हेतूने म्हणत नाहीत. त्यांच्याकडे दरवर्षी कितीतरी मुलं हेच काम घेऊन येतात. पण पत्र बघायचा हक्क सोडला असं लिहून द्यायचं आणि ते पत्र आपणच लिहायचं, हे खोटं आहे. शिवाय असं पत्र बहुतेक वेळा वाईटच उतरतं. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो तेव्हा ‘मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू’ अशी विशेषणं येतात, वर्गाच्या तुलनेत तो कुठे बसतो ते येत नाही, कारण ते त्याला माहीतच नसतं. ते फक्त शिक्षकाला सांगता येतं.

मग सरांना काय द्यायचं? मजकूर नको, माहिती दे. एक पान, जास्तीत जास्त दीड. वर पासपोर्टवर आहे त्या क्रमाने तुझं नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, पुढे वडिलांचं नाव आणि शेवटी आईचंही असतं, त्यामुळे पत्रात एक नाव आणि अर्जात दुसरं असा घोळ हमखास होतो. त्याखाली सरांनी कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय शिकवला आणि त्यात तुला किती गुण मिळाले. मग त्यांच्यासमोर घडलेली दोन-तीन कामं, पुरेशा तपशिलाने. ‘डीबीएमएसच्या मिनी प्रोजेक्टमध्ये चांगलं काम केलं’ याचा सरांना काही उपयोग नाही. ‘डीबीएमएसच्या मिनी प्रोजेक्टमध्ये ग्रंथालयाची जुनी एक्सेल शीट घेतली, एकच पुस्तक तीन स्पेलिंगांनी नोंदलेलं होतं, ते एकत्र करण्यासाठी स्क्रिप्ट लिहिली, दुसऱ्या रिव्ह्यूला तुम्ही इंडेक्सिंगबद्दल विचारलं होतं आणि नंतर मी ते बदललं’ असं लिहिलंस की सरांना तो रिव्ह्यू आठवतो आणि ते आपल्या शब्दांत लिहू शकतात. शेवटी युनिव्हर्सिटींची यादी, प्रोग्रॅमचं नेमकं नाव आणि मुदती. सोबत रेझ्युमे आणि गुणपत्रिकांच्या प्रती जोड. एसओपी कच्चा असला तरी दे, म्हणजे पत्र आणि एसओपी दोन दिशांना जाणार नाहीत.

हे कागद घेऊन एचओडी सरांकडे जा आणि म्हण, ‘सर, पत्र तुमच्या शब्दांत असावं अशी अट आहे, म्हणून मी सगळी माहिती काढून आणली आहे. मुद्दे सांगितलेत तर विभागातलं कुणी टाइप करेल.’ बहुतेक सर एवढ्यावर तयार होतात, कारण त्यांची अडचण असते ती आठवण्याची आणि वेळेची. तरीही ते ‘तूच लिही’ म्हणाले, तर नम्रपणे आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जा. एचओडींच्या पदामुळे पत्राला वजन येतं हा गैरसमज आहे. ज्या सरांनी तुला वर्षभर लॅबमध्ये पाहिलं त्या असिस्टंट प्रोफेसरचं पत्र, ज्या विभागप्रमुखांना तुझा रोल नंबर शोधावा लागतो त्यांच्या पत्राहून कितीतरी सरस ठरतं. प्राचार्यांच्या पत्राच्या तर मागेही लागू नकोस. इंटर्नशिपमधले मेंटॉर हा तिसरा चांगला पर्याय असतो, फक्त आधी विचारून घे, कारण बऱ्याच कंपन्या आपल्या लेटरहेडवर किंवा ऑफिसच्या ईमेलवरून वैयक्तिक शिफारस देऊ देत नाहीत.

ईमेलच्या पत्त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पत्रं इथेच अडकतात.

अनेक युनिव्हर्सिटी शिक्षकांचा संस्थेचा ईमेल मागतात. काही पोर्टल्स जीमेल घेतात, पण नंतर पडताळणीचा ईमेल पाठवतात, आणि काही घेतच नाहीत. तुझ्या गाइड सरांकडे कॉलेजचा पत्ता आहे पण ते उघडत नाहीत, ही अडचण सुटण्यासारखी आहे. तू त्यांना चाचणीचा ईमेल पाठवू नकोस. सरांनाच विनंती कर की कॉलेजच्या पत्त्यावरून तुला एका ओळीचा ईमेल पाठवा. त्यातून तीन गोष्टी एकदम कळतात : त्यांना पासवर्ड आठवतो, खातं चालू आहे, आणि पत्त्याचं नेमकं स्पेलिंग काय आहे. पोर्टलमध्ये पत्ता हाताने टाइप न करता त्या आलेल्या ईमेलवरून कॉपी कर. मधला एक टिंब, शेवटचं ‘डॉट इन’ आणि ‘डॉट कॉम’, मोबाइलच्या कीबोर्डने शेवटी घातलेली रिकामी जागा, एवढ्याशा चुकीने ईमेल भलतीकडे जातो. तो परत आला तरी युनिव्हर्सिटीच्या यंत्राकडे परत जातो, तुला कळेलच असं नाही.

पासवर्ड विसरले असतील तर कॉलेजचे सिस्टिम अ‍ॅडमिन तो बदलून देतात. खात्याची जागा भरली असेल तर जुने जड ईमेल काढावे लागतात, नाहीतर नवा ईमेल आत येणारच नाही. मग सरांच्या फोनवर जीमेल अ‍ॅप उघडून वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबून कॉलेजचं खातं दुसरं म्हणून जोडून द्यायचं. बऱ्याच कॉलेजांचे ईमेल गूगलवरच असतात, त्यामुळे ते लगेच जोडलं जातं आणि सरांना एकाच ठिकाणी दोन्ही खाती दिसतात. पासवर्ड सरांनी स्वतः टाकायचा, तू बघायचाही नाही. कॉलेजने पत्ता दिलेलाच नसेल तर जीमेल चालेल का हे त्या युनिव्हर्सिटीच्या प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. अशा वेळी लेटरहेडवर कॉलेजचा फोन आणि वेबसाइट असायलाच हवी.

मॅडमचं काम त्या मानाने सोपं आहे. त्यांनी आत्ताच्या कॉलेजचा ईमेल आणि आत्ताचाच लेटरहेड वापरायचा, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की अमुक ते अमुक काळात त्या तुमच्या कॉलेजात होत्या आणि त्यांनी तुला हे दोन विषय शिकवले. पोर्टलमध्ये संस्था म्हणून आत्ताचं कॉलेज भर. जुन्या कॉलेजचा लेटरहेड मागायला जाऊ नकोस, आणि त्यांचा जुना ईमेलही देऊ नकोस, तो बहुधा बंद झालेला असेल.

पत्र कागदावर कसं असावं याबद्दल थोडक्यात. एक ते दीड पान, तारीख, सही, नाव, हुद्दा, संस्थेचा ईमेल. काही कॉलेजांत लेटरहेडवरच्या पत्राला जावक क्रमांक घ्यावा लागतो. युनिव्हर्सिटीला त्याचं काही नाही, पण तुमच्याकडे तो नियम असेल तर ऑफिसमधल्या क्लार्कच्या वेळेचा एक दिवस हिशोबात धर. स्कॅन पीडीएफमध्ये, सावली न पडता, फाइल दोन एमबीच्या आत राहिली की बहुतेक ठिकाणी निभावतं. पासवर्ड असलेली पीडीएफ पोर्टल घेत नाही. डिजिटल सहीने लॉक झालेली पीडीएफही काही वेळा नाकारली जाते. तेव्हा ती छापून, हाताने सही करून पुन्हा स्कॅन करणं हा सरळ मार्ग. फाइलच्या नावात तुझं पूर्ण नाव असावं अशी विनंती कर. एकाच सरांकडे पाच मुलांची पत्रं असतात आणि ‘एलओआर फायनल’ नावाच्या फाइली एकीच्या जागी दुसरी चढतात. पत्रात कोणत्याही युनिव्हर्सिटीचं नाव नसलेलं बरं, ‘प्रवेश समिती’ एवढं पुरतं. म्हणजे तेच पत्र आठही ठिकाणी चालतं आणि एकीच्या पत्रात दुसरीचं नाव राहून जात नाही. हक्क सोडल्यामुळे तू पत्र वाचणार नाहीस, म्हणून हे सगळं माहितीच्या कागदावर तळाशी दोन ओळींत लिहून ठेव. मुलीच्या पत्रात जुन्या साच्यातलं इंग्रजी ‘he’ आणि ‘his’ राहणं ही वरचेवर होणारी चूक आहे. तीही तिथेच लिही, त्यात संकोच नको.

लिंक उघडल्यावर सरांना फक्त अपलोड करायचं नसतं. तुला किती काळापासून ओळखतात, कोणत्या नात्याने ओळखतात हे विचारलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी एक तक्ता असतो : विश्लेषणशक्ती, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता वगैरे, आणि प्रत्येकासमोर वरचे पाच टक्के, वरचे दहा टक्के, वरचे पंचवीस टक्के अशी घरं. एक घर ‘सांगता येत नाही’चंही असतं. मोबाइलवर हा तक्ता उजवीकडून कापला जातो आणि भरायचं राहतं. म्हणून हे काम विभागातल्या कॉम्प्युटरवर झालेलं चांगलं. कॉलेजच्या नेटवर पोर्टल उघडलं नाही तर मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं की काम होतं. सगळ्यात शेवटी सबमिट दाबायचं असतं. कित्येक शिक्षक पत्र चढवून ‘सेव्ह’ करून थांबतात आणि झालं असं समजतात. काही पोर्टल्सवर सबमिटआधी स्वतःचं नाव टाइप करून सही करायची असते, तेही राहून जातं. सबमिट झाल्यावर बहुतेक ठिकाणी पोचपावतीचा संदेश येतो. सरांना तोच बघायला सांग.

पहिल्या फॉर्मला अर्धा तास आणि पुढच्या प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं लागतात असं धर. सर म्हणाले तर त्यांच्या शेजारी बसून तांत्रिक मदत कर, पण तक्ता भरताना उठून बाहेर जा. लिंकचा ईमेल स्वतःकडे फॉरवर्ड करून घेऊ नकोस आणि ती लिंक तू कधीच उघडू नकोस.

आता वेळापत्रक. तुझं पत्र आम्हाला सप्टेंबरअखेर मिळालं, म्हणजे वेळ पुरेसा आहे, पण तो सलग नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी, त्याच्या मागे-पुढे टर्मवर्क सबमिशन, ओरल-प्रॅक्टिकल, मग सातव्या सेमिस्टरची लेखी परीक्षा, आणि ती संपली की शिक्षक पेपर तपासायला कॅप सेंटरला. त्यात नॅकची किंवा एनबीएची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्यांची, भेट असेल तर विभागात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून १ डिसेंबरची पत्रं नोव्हेंबरात जातील या भरवशावर राहू नकोस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिघांनाही माहितीचे कागद दे. पत्र लिहायला दोन आठवडे सोड. १ आणि १५ डिसेंबरच्या सहाही लिंक एकाच दिवशी, दिवाळीच्या सुट्टीच्या आठ-दहा दिवस आधी पाठव, म्हणजे सरांना सगळे ईमेल एकत्र सापडतील आणि एका बैठकीत काम होईल. १५ जानेवारीच्या दोन लिंकही तेव्हाच पाठवता आल्या तर पाठव. तारीख दूर आहे म्हणून त्या मागे ठेवल्या की त्याच विसरल्या जातात.

सरांना तारीख सांगताना युनिव्हर्सिटीची मुदत सांगू नकोस असं काही जण सुचवतात. आम्हाला ते पटत नाही. दोन्ही तारखा सांग : ‘मुदत १ डिसेंबर आहे, मला २० नोव्हेंबरपर्यंत मिळालं तर काही अडलं तरी दुरुस्त करता येईल.’ खरं सांगितलं की माणूस मनावर घेतो.

आठवण केली तर सर चिडतील का? मोघम आठवणीने चिडतात. ‘सर, एलओआरचं काय झालं?’ हा प्रश्न त्यांना कामाला लावत नाही, फक्त अपराधी वाटायला लावतो. नेमकी आठवण कर. व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिही :

‘नमस्कार सर. सहा युनिव्हर्सिटींच्या लिंक आज सकाळी तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर पाठवल्या आहेत. ईमेल युनिव्हर्सिटीच्या नावाने आला असेल, त्यात रेकमेंडेशन हा शब्द आणि माझं नाव असेल. इनबॉक्समध्ये दिसला नाही तर कृपया स्पॅम बघाल का? मी गुरुवारी दुपारी तीन वाजता डिपार्टमेंटला येते आहे, काही अडलं असेल तर तेव्हा बघता येईल.’

त्यानंतर आठवडाभर गप्प राहा. पोर्टलवर प्रत्येक शिक्षकासमोर स्थिती दिसते : पाठवलं, उघडलं, मिळालं, किंवा अशाच अर्थाचे शब्द. आठवड्याने ‘पाठवलं’ एवढंच दिसत असेल तर ईमेल पोचला नसण्याची शक्यता मोठी, पत्ता तपास आणि पोर्टलमधूनच पुन्हा पाठव. ‘उघडलं’ असेल तर पत्र अर्धवट राहिलंय किंवा सेव्ह करून सोडलंय, अशा वेळी प्रत्यक्ष जाऊन भेट. ‘मिळालं’ दिसलं की त्याच दिवशी सरांना कळव, म्हणजे आठपैकी किती झाली हे त्यांनाही समजतं. पोर्टलमधलं आठवणीचं बटण चारचारदा दाबू नकोस. सारखे सारखे आलेले ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतात.

एक चौथं नाव आत्तापासून तयार ठेव, त्यांना तसं प्रामाणिकपणे सांगून. मुदतीला दहा दिवस उरले आणि तिघांपैकी एकाचं पत्र सुरूही झालेलं नसेल तर त्यांच्या जागी चौथ्यांची लिंक पाठव. अर्ज सबमिट होईपर्यंत बहुतेक पोर्टल्स नाव बदलू देतात. सबमिटनंतर काही ठिकाणी प्रवेश कार्यालयाला लिहावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. तेव्हापासून रविवारपर्यंत मदत करणारं कार्यालय बहुधा बंद असतं, म्हणजे तुझ्या १ डिसेंबरच्या तोंडावरच. नाताळ ते नववर्षही तसंच.

घड्याळाचा हिशोबही वहीत मांडून ठेव. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, शिकागो साडेअकरा तास आणि कॅलिफोर्निया साडेतेरा तास. १५ डिसेंबरला रात्री ११:५९ची मुदत पूर्व किनाऱ्यावरची असेल तर ती आपल्या १६ डिसेंबरच्या सकाळी १०:२९ला संपते, कॅलिफोर्नियातली असेल तर दुपारी १:२९ला. मात्र काही ठिकाणी मुदत संध्याकाळी पाचची असते. पूर्वेकडचे पाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, तिथे आणखी एक दिवस मिळत नाही. सरांना मात्र भारतातलीच तारीख सांग, हे वरचे तास तुझ्या हाताशी राहू देत.

तुझ्या सीनियरच्या बाबतीत जे झालं ते टाळण्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव : पत्रं यायची वाट बघत स्वतःचा अर्ज अडवून ठेवू नकोस. बहुतेक पोर्टल्सवर पत्रं आलेली नसतानाही अर्ज सबमिट करता येतो, आणि त्यानंतरही शिक्षकांची लिंक चालू राहते. अर्ज मुदतीत, फीसकट गेला असेल तर पत्र दोन-चार दिवस उशिरा आलेलं अनेक ठिकाणी स्वीकारतात. काही ठिकाणी पत्रांची मुदत वेगळी छापलेलीच असते. अर्जच उशिरा गेला तर कुणी काही करू शकत नाही. पण सवलत आहे की नाही हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर वाचून घे. काही प्रोग्रॅम अपूर्ण अर्ज वाचायला घेतच नाहीत.

तुझ्या वर्गात जर्मनीला जाणारी मुलं असतील तर त्यांना सांग की तिथले बरेच मास्टर्स प्रोग्रॅम शिफारसपत्र मागतच नाहीत. जिथे मागतात तिथे अनेकदा सहीची पीडीएफ विद्यार्थ्यालाच चढवायची असते, त्यामुळे त्यांनी ही पत्रं आधीच हातात घेऊन ठेवावीत. आणि घरी कुणी भावंड बारावीत असून कॉमन अ‍ॅपने अर्ज करणार असेल, तर तिथे शिक्षकांच्या पत्राशिवाय शाळेचा रिपोर्ट आणि गुणपत्रक कौन्सेलरने पाठवायचं असतं. आपल्या ज्युनियर कॉलेजांत कौन्सेलर सहसा नसतात. ते काम उपप्राचार्य किंवा प्राचार्य करू शकतात, पण त्यांना ही नवी गोष्ट असते, म्हणून दोन महिने आधी भेटावं.

इतकं करूनही एखादं पत्र मुदतीनंतर राहिलंच, तर त्याच दिवशी त्या प्रोग्रॅमच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल कर. विषयाच्या ओळीत तुझं पूर्ण नाव, अर्जाचा क्रमांक आणि प्रोग्रॅमचं नाव. आत चार वाक्यं पुरतात : अर्ज अमुक तारखेला सबमिट केला आहे, तीनपैकी दोन पत्रं मिळाली आहेत, तिसरं अमुक प्राध्यापकांकडून अमुक तारखेपर्यंत येईल, तोवर लिंक चालू ठेवाल का? कारणांची यादी देऊ नकोस आणि सरांना दोष देऊ नकोस. तारीख मात्र सरांशी बोलूनच लिही. आणि पीडीएफ तुझ्याकडे असली तरी स्वतःच्या ईमेलला जोडून पाठवू नकोस, विद्यार्थ्याकडून आलेलं पत्र ते सहसा धरत नाहीत. लिंक बंद झालीच असेल तर सरांनी आपल्या कॉलेजच्या ईमेलवरून पाठवलेलं चालेल का, एवढं त्याच ईमेलमध्ये विचारून घे.